पंधरा वॉटचा प्रोसेसर नक्की किती वॉट खातो? (जुना लॅपटॉप, व्हिडिओ एक्स्पोर्ट आणि मधेच गळणारा वेग)

शिकवणीवाली
नमस्कार मंडळी. मी कोथरूडला दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते आणि तासाचं रेकॉर्डिंग एडिट करून मुलांना पाठवते. लॅपटॉप २०१८ चा आहे, प्रोसेसर आय-५ ८२५०यू, रॅम ८ जीबी. एसएसडी टाकून झालीये, त्यामुळे "एसएसडी टाका" हा सल्ला कृपया नको.
आता प्रॉब्लेम असा की व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की पहिलं अर्धं मिनिट झकास पळतो, टास्क मॅनेजरमधे ३ गिगाहर्ट्झच्या वर आकडा दिसतो, मग तो घसरून २ च्या आसपास येऊन बसतो आणि तिथेच राहतो. हे एकवेळ चालवून घेतलं असतं. पण हल्ली अधूनमधून ०.७९ नाहीतर चक्क ०.४ दिसतो आणि मग माऊससुद्धा हलेना होतो. रिस्टार्ट करा, काहीही करा.
मी वाचलं की हा प्रोसेसर १५ वॉटचा आहे. चार्जर ६५ वॉटचा. मग उरलेले ५० वॉट जातात कुठे, ते प्रोसेसरला देता येत नाहीत का? आणि १.६ आणि ३.४ असे दोन आकडे लिहिलेत त्यातला मी पैसे नक्की कुठल्याचे दिले? रिपेअरवाले म्हणाले मदरबोर्ड जायला आलाय, नवीनच घ्या. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बाकरवडी_बाइट्स
पहिला नंबर. वाचनखूण साठवलीये, घरी आमचंही असंच एक ध्यान आहे.

रिकामटेकडा_इंजिनियर
ताई, मदरबोर्ड वगैरे लगेच मनावर घेऊ नका. तुम्ही दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोस्टमधे लिहिल्यात. ३ वरून २ वर येणं हे नॉर्मल आहे, तो बिघाड नाहीच, ते डिझाइन आहे. ०.४ ला अडकणं हा बिघाड आहे, पण तो बहुतेक प्रोसेसरचा नाही. आधी पहिलं सांगतो.
१५ वॉट म्हणजे टीडीपी. प्रोसेसर जास्तीत जास्त १५ वॉट खातो असा त्याचा अर्थ नाही. सगळ्या कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) बेस फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे तुमच्या केसमधे १.६ वर, जड काम करत असताना साधारण एवढी उष्णता बाहेर काढायची सोय करा, असं इंटेलने लॅपटॉप बनवणाऱ्यांना सांगितलेलं असतं. म्हणजे तो आकडा खरं तर पंखा आणि हीटसिंक डिझाइन करणाऱ्यासाठी आहे. काही न करता बसलाय तेव्हा प्रोसेसर एखाद-दुसऱ्या वॉटवर पण येतो, आणि टर्बोत, म्हणजे बेसच्या वर पळत असताना, थोडा वेळ ३०-४० वॉटसुद्धा ओढू शकतो, कंपनीने किती मोकळीक दिलीये त्यावर.
त्या मोकळीकीला पीएल-१ आणि पीएल-२ म्हणतात. पीएल-१ ही लांब पल्ल्याची मर्यादा, सहसा टीडीपीएवढीच. पीएल-२ थोड्या वेळाची. आणि किती वेळाची ते ठरवणारा टाउ, तो बऱ्याच लॅपटॉपमधे २८ सेकंद असतो. तुमचं "पहिलं अर्धं मिनिट" ते हेच.

पर्वतीकर
इंजिनियरसाहेबांनी बरोबर सांगितलंय पण गणिताच्या बाई असल्या तरी पीएल-फीएल ऐकून झोप येईल. आमच्या सोसायटीचं सांगतो. सकाळी वरची टाकी भरलेली असते तेव्हा चारी मजल्यांनी नळ सोडले तरी धो धो पाणी. टाकी संपली की मग खालून पंप जेवढं चढवेल तेवढंच. पीएल-१ म्हणजे पंप, पीएल-२ म्हणजे नळातून जास्तीत जास्त किती येऊ शकतं ते, आणि टाउ म्हणजे टाकी केवढी आहे. काही वेळ लॅपटॉप शांत बसला की टाकी परत भरते, म्हणून पुढचं काम परत पहिल्यांदा पळतं.

ओहम
पर्वतीकर, टाकीचं उदाहरण आवडलं, आणि ते २८ सेकंदाच्या स्टॉपवॉचपेक्षा जास्त बरोबर आहे. लोकांना वाटतं टाउ म्हणजे घड्याळ लावून मोजलेले २८ सेकंद. तसं नाहीये, प्रोसेसर वापराची चालती सरासरी ठेवतो आणि ती सरासरी पीएल-१ ला टेकली की वेग कमी करतो. एक्स्पोर्ट लावायच्या आधी तुम्ही ब्राउझरमधे वीस टॅब उघडून बसला असाल तर टाकी आधीच अर्धी झालेली असणार, टर्बो लवकर संपणार.

खडूस_सदाशिवपेठी
टाकीच्या चाव्या ज्याच्याकडे असतात तो चेअरमन कोण या गोष्टीत?

ओहम
एम्बेडेड कंट्रोलर. मदरबोर्डवरची एक छोटी चिप, बॅटरी, पंखा, चार्जर, बॉडीचं तापमान सगळ्यावर हिचं लक्ष. प्रोसेसरला काय वाटतं त्याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

खडूस_सदाशिवपेठी
मग चेअरमनच.

वाकडची_स्नेहल
शिकवणीवाली, तुझ्या "पैसे कुठल्या आकड्याचे दिले" या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही 😀 मी देते. ८२५०यू २०१७ च्या ऑगस्टमधे आला. त्याच्या आधीचा ७२००यू बघ, दोन कोअर, बेस २.५, टर्बो ३.१, टीडीपी १५ वॉट. ८२५०यू मधे चार कोअर, बेस १.६, टर्बो ३.४, आणि टीडीपी परत १५ च. म्हणजे कोअर डबल केले पण वॉट वाढवले नाहीत, मग सगळे एकदम कामाला लागले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येणार, म्हणून बेस खाली आला. एकच कोअर पळवायचा असेल तर सगळं बजेट त्याला, मग ३.४. पैसे तू बजेटचे दिलेस, आकड्याचे नाही.
आणि म्हणून वर्ड, ब्राउझर यात नवा भारी वाटतो, एक्स्पोर्टमधे पण एकूण जास्त काम होतंच, फक्त टास्क मॅनेजरमधला आकडा बघून वाईट वाटतं.

निवृत्त_जोशीकाका
आमच्या वेळी पेंटियम घेतला की जो वेग छापलाय तो मिळायचा. आता हॉटेलच्या मेनूकार्डासारखं झालंय, तळाला बारीक अक्षरात अटी. अवांतर: ६५ वॉटच्या चार्जरने बिल किती येत असावं? आमच्या सूनबाई दिवसभर लावून ठेवतात.

रिकामटेकडा_इंजिनियर
काका, चार्जरवरचा आकडा ही त्याची कुवत, तेवढं तो सतत ओढत नाही. स्क्रीनसकट साधं ऑफिसचं काम सरासरी २० वॉटमधे आरामात होतं. दिवसाला ८ तास धरले तर महिन्याला पाच युनिटच्या आतबाहेर. सूनबाईंना काही बोलू नका, गीझर बघा.
आणि ताई, "उरलेले ५० वॉट कुठे जातात" याचंही उत्तर हेच. त्यातून स्क्रीन, एसएसडी, यूएसबीला लावलेलं सामान आणि मुख्य म्हणजे बॅटरीचं चार्जिंग होतं. बाकीचे वापरलेच जात नाहीत, कुठे जात नाहीत.

सिंहगड_रोडवरून
माझ्या मते व्होल्टेज चेक करा. आमच्याकडे संध्याकाळी दाब कमी असतो, ट्यूब फडफडते, तेव्हाच लॅपटॉप स्लो होतो.

ओहम
चार्जरच्या मागे बघा, १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल. भिंतीतून १९० आले काय नि २४० आले काय, लॅपटॉपला पलीकडून तेच साडेएकोणीस मिळणार. संध्याकाळी तुमच्या घरात सगळ्यांचे वायफाय चालू होतात हे कारण जास्त पटतं.

गुरुवारची_लाईट
माझ्या आयडीचा अपमान होतोय असं वाटतंय. हलके घ्या.

रिकामटेकडा_इंजिनियर
आता ०.४ चं. ताई, प्रोसेसरला एक पाय (पिन) असतो, प्रोचॉट नावाचा. मूळ हेतू असा की प्रोसेसर १०० डिग्रीला टेकला की त्याने ओरडून सांगायचं. पण तो पाय दोन्ही बाजूंनी चालतो, म्हणजे बाहेरचा कुणीही तो ओढून प्रोसेसरला "गप बस" म्हणू शकतो. त्याला बीडी प्रोचॉट म्हणतात. एम्बेडेड कंट्रोलरला चार्जर ओळखता आला नाही, किंवा व्होल्टेज देणारा भाग तापला, किंवा बॅटरी गंडली, की तो हा पाय ओढून ठेवतो, आणि प्रोसेसर थंडगार असला तरी ०.४ किंवा ०.८ ला जाऊन बसतो.
प्रश्न: चार्जर ओरिजिनल आहे का? पिन गोल असून मधे सुईसारखी बारीक तार आहे का?

शिकवणीवाली
बाई बाई, किती प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. हो, गोल पिन, मधे सुई. ओरिजिनल चार्जरची वायर मानेपाशी तुटली होती म्हणून बुधवार पेठेतून दुसरा आणला. त्याच्यावर पण ६५ वॉटच लिहिलंय, १९.५ व्होल्ट आणि ३.३४ ॲम्पियर, मी गुणाकार करून बघितला होता 🙂

वाकडची_स्नेहल
गुणाकार बरोबर आहे पण लॅपटॉप स्टिकर वाचत नाही ना. ती मधली सुई त्यासाठीच असते, चार्जर किती वॉटचा आहे हे लॅपटॉपला त्या तारेवरून कळतं. डुप्लिकेटमधे ती चिप नसेल किंवा सुई वाकली असेल तर लॅपटॉप म्हणतो हा कोण अनोळखी, आणि मग प्रोसेसरला गप बसवतो, बऱ्याचदा बॅटरी चार्ज करायचं पण बंद करतो. चालू होताना काळ्या स्क्रीनवर चार्जरबद्दल काही वॉर्निंग येते का? आणि चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर वेग परत येतो का?

खडूस_सदाशिवपेठी
वॉर्निंग येत असणार आणि ताई एंटर दाबून पुढे जात असणार. गणिताचे विद्यार्थी पण असंच करतात, प्रश्न न वाचता.

शिकवणीवाली
खडूसकाका 😡 (हो, येते.) बॅटरीवर बघते आणि सांगते.

एक्स_गेमर
एवढा काथ्याकूट कशाला. थ्रॉटलस्टॉप नावाचं सॉफ्टवेअर डाउनलोड करा, बीडी प्रोचॉटची टिक काढा, विषय संपला. वर पीएल-१ २५ करा, व्होल्टेज वजा ८० मिलिव्होल्ट करा, रॉकेट होईल.

ओहम
एक्स_गेमर, हळू. टिक काढणं म्हणजे चेअरमनचा फोन कट करणं. चार्जर खरंच कमी ताकदीचा निघाला तर? ४५ वॉटचा माल ६५ चं स्टिकर लावून विकणारे कमी आहेत का? त्यातून चार्ज होणारी बॅटरी आणि टर्बोत पळणारा प्रोसेसर दोघांनी एकदम ओढलं तर चार्जर तापतो, आणि डुप्लिकेट चार्जरमधे संरक्षण किती असतं ते देवाला माहीत. आधी चार्जर बदला. निदानासाठी पाच मिनिटं टिक काढून बघा, ते ठीक.

एक्स_गेमर
मी बरीच वर्षं टिक काढूनच वापरतोय, काही झालं नाही.

निवृत्त_जोशीकाका
हेल्मेटबद्दलही पुण्यात हेच ऐकू येतं.

एक्स_गेमर
😂 काका जिंकले. पण अंडरव्होल्ट तरी मान्य करा, त्याने नुकसान काहीच नाही.

ओहम
मान्य, तत्त्वतः. यामागचा हिशोब सांगतो, शिकवणीवाल्या ताईंना आवडेल. चिपमधे स्विचिंगमुळे खर्च होणारी पॉवर ही व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात असते. व्होल्टेज १ वरून ०.९ केलं तर वर्ग ०.८१, म्हणजे तेवढ्याच वेगाला १९ टक्के खर्च कमी. बजेट तेच १५ वॉट, मग वाचलेल्यात प्रोसेसर स्वतःच वेग वाढवून घेतो. उलट बाजूने बघा, वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणून शेवटचे तीन-चारशे मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग पडतात.
पण आता गोची अशी की डिसेंबर २०१९ मधे प्लंडरव्होल्ट नावाचं सुरक्षेतलं भोक बाहेर आलं, सॉफ्टवेअरने व्होल्टेज नेमकं खाली ओढून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातली गणितं चुकवता येत होती. त्यावर उपाय म्हणून बायोसच्या (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमधून बऱ्याच कंपन्यांनी ही सोयच कुलूपबंद केली. ताईंचा बायोस नंतरचा असेल तर थ्रॉटलस्टॉपमधे ते लॉक्ड दिसेल. पीएल-१ पण अनेक मशिनवर लॉक असतो, किंवा तुम्ही २५ लिहिता आणि कंट्रोलर थोड्या वेळाने गुपचूप परत १५ करतो.

पर्वतीकर
अवांतर, पण या वर्गाच्या हिशोबानेच अख्ख्या धंद्याची दिशा बदलली. १९७४ मधे आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर लहान केला की व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करता येतं, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर, जास्त वेग, आणि उष्णता तेवढीच. तीसेक वर्षं सगळ्यांनी त्यावर दिवाळी केली. मग लिकेज (बंद ट्रान्झिस्टरमधूनही झिरपणारा करंट) वाढलं, व्होल्टेज आणखी खाली जाईना. २००४ चा पेंटियम ४ आठवा, ३.८ गिगाहर्ट्झ आणि ११५ वॉट. इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा जाहीर केला होता तो त्याच वर्षी रद्द केला. आणि लॅपटॉपसाठी २००३ मधे काढलेला पेंटियम एम, कमी वेगाचा, २४.५ वॉटचा, त्याच वळणाने पुढचे कोअर प्रोसेसर आले. म्हणजे आज आपण सगळे त्या लॅपटॉपवाल्या चिपचे वारस वापरतोय.

बाकरवडी_बाइट्स
सी-डॅकने १९९१ ला आपल्या पुण्यात परम ८००० महासंगणक केला होता तो किती वॉटचा असेल?

पर्वतीकर
वॉट माहीत असते तर सांगितलेच असते. पण त्याचीही गोष्ट याच धाग्याची आहे बघा, एकच भन्नाट प्रोसेसर करण्यापेक्षा ट्रान्सप्युटर नावाचे ६४ साधे प्रोसेसर एकत्र जोडले होते. बरेच, सावकाश आणि मिळून.

बाकरवडी_बाइट्स
आमच्या ऑफिसात पण बरेच आहेत आणि सावकाश आहेत. मिळून तेवढं राहिलंय.

अकोल्याचा_पाहुणा
मी पुण्यात नवा आहो. इथं येऊन पाह्यतो तं लोक चाळीस डिग्रीचा आकडा ऐकूनच लॅपटॉप फ्रिजमधे ठेवून राह्यले. अकोल्याले माह्या आय-५ ३२१०एम मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत चालते भाऊ. फक्त पंख्याचा आवाज असा येते का शेजारी विचारते पिठाची गिरणी टाकली का.

ओहम
३२१०एम ३५ वॉटचा आहे, २०१२ चा. त्या काळात लॅपटॉप जाड असायचे, तांब्याचा पाइप आणि पंखा दोन्ही दणकट. आणि तो सॉकेटमधे बसणारा, बदलता यायचा. ८२५०यू बोर्डालाच सोल्डर केलेला असतो, त्यामुळे "प्रोसेसर अपग्रेड करून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावं.
हवामानाचा परिणाम मात्र सरळ बेरजेचा आहे. समजा १५ वॉटला चिप खोलीपेक्षा ५० डिग्री जास्त गरम होते. खोली २५ तर चिप ७५. खोली ३८ तर ८८. आता पाती धुळीने तुंबली आणि तो फरक ५० चा ६५ झाला, तर हिवाळ्यात ९०, कुणाला कळणारही नाही. पण एप्रिलमधे हिशोबाने १०३ येतात, आणि १०० च्या वर जायला परवानगीच नाही, म्हणून वेग कापला जातो. लोक म्हणतात "उन्हाळ्यात बिघडला". तो डिसेंबरमधेच तुंबलेला असतो.

गिरीभ्रमण
पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, हवा विरळ, त्यामुळे मुंबईपेक्षा कूलिंग कमी होत असेल ना?

ओहम
पाचेक टक्क्यांचा फरक. तुमच्या पंख्यावरची धूळ त्याच्या कैक पट आहे.

गिरीभ्रमण
लेहला नेला तर?

वाकडची_स्नेहल
तिथे आधी जुन्या हार्डडिस्कची काळजी कर, बऱ्याच हार्डडिस्कना साधारण तीन हजार मीटरपर्यंतच चालवायची परवानगी असते, आत वाचणारं डोकं (हेड) हवेवर तरंगतं म्हणून. लेह साडेतीन हजार. धाग्याचा काश्मीर करणार होतात, थोडक्यात लडाखवर थांबलं.

कात्रजचा_बोगदा
प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

शिकवणीवाली
अपडेट देते.
१. नुसत्या बॅटरीवर ०.४ चा त्रास अजिबात नाही. चार्जर लावला की कधी लगेच, कधी पिन हलवली की येतो.
२. भाचीच्या लॅपटॉपचा ओरिजिनल चार्जर (तीच कंपनी, ६५ वॉट) लावून बघितला, दिवसभर एकदाही नाही. वॉर्निंग पण नाही.
३. थ्रॉटलस्टॉप घेतला. काही बदललं नाही, फक्त बघितलं. लिमिट्सच्या खिडकीत माझ्या चार्जरवर बीडी प्रोचॉट लाल. भाचीच्यावर एक्स्पोर्ट लावला की पीएल-१ लाल, थर्मल पिवळं. पॉवर बरोबर १५.० वर चिकटलेली, तापमान ९४, वेग २.१.
लाल आणि पिवळ्यात फरक काय?

रिकामटेकडा_इंजिनियर
वा, असा अपडेट देणारे धागाकर्ते दुर्मिळ. लाल म्हणजे आत्ता या क्षणी हे कारण अडवतंय. पिवळं म्हणजे मधे कधीतरी अडवून गेलं. तर तुमचा मदरबोर्ड ठणठणीत आहे, चार्जर बदला, आणि घ्याल तो पिनवरून ओळखला जातोय ना हे दुकानातच लावून बघून घ्या. बायोसमधे बऱ्याच मशिनवर "अडॅप्टर ६५ वॉट" असं लिहून येतं. अननोन आलं तर परत करा.
थर्मल पिवळं आलंय म्हणजे टर्बोच्या पहिल्या झटक्यात १०० ला टेकतोय. आठ वर्षांत उघडून साफ केलाय का?

शिकवणीवाली
एसएसडी टाकताना उघडला होता तेवढाच. पंखा कुणी बघितला नाही.

एक्स_गेमर
साफ करताना एक लक्षात ठेवा, ब्लोअर मारताना पात्याला बोट किंवा टूथपिक लावून अडवा. नाहीतर पंखा त्याच्या कुवतीपेक्षा जोरात फिरतो आणि बेअरिंग जातं. आणि खरी धूळ पंख्यावर नसते, पंखा आणि बारीक जाळीच्या मधे बसते, पंखा काढल्याशिवाय ती दिसत पण नाही. बाहेरून ब्लोअर मारून "सर्व्हिसिंग" म्हणून पैसे घेतात ते फुकट. थर्मल पेस्ट पण बदला, एवढ्या वर्षांत वाळून भाकरी झाली असणार.

निवृत्त_जोशीकाका
कूलिंग पॅड घ्यावं का? जाहिराती फार येतात.

वाकडची_स्नेहल
काका, मागच्या कडेखाली जुनं जाड पुस्तक सरकवा, खालच्या जाळीला हवा मिळाली की बराचसा फायदा तिथेच होतो. आणि आधी कारण बघायचं. ज्याला पीएल-१ अडवतोय त्याला पॅडने फारसा फरक पडणार नाही, तापमान आधीच मर्यादेत असतं. थर्मल अडवत असेल तरच.

निवृत्त_जोशीकाका
जुनी जाड पुस्तकं मुबलक आहेत. रद्दीवाला नेत नव्हता, उपयोग सापडला.

सिंहगड_रोडवरून
बॅटरी जुनी झाली की पण लॅपटॉप मुद्दाम स्लो करतात म्हणे, फोनचं तसं झालं होतं ना?

ओहम
हो, डिसेंबर २०१७ मधे ॲपलने मान्य केलं होतं की बॅटरी थकलेल्या जुन्या आयफोनचा वेग ते कमी करतात, अचानक बंद पडू नये म्हणून. लॅपटॉपमधे थोडं वेगळं आहे. काही मॉडेलमधे टर्बोच्या क्षणी चार्जर कमी पडला तर बॅटरी मदतीला येते. ती बॅटरी काढून टाकली किंवा मेली, की कंट्रोलर टर्बोच कापतो. म्हणून "बॅटरी खराब झाली, काढून टाकली, डायरेक्ट चार्जरवर वापरतो" असं करणाऱ्यांना लॅपटॉप स्लो झाल्यासारखा वाटतो तो भास नसतो.

कॉफी_शून्य_साखर
मी वेगळंच विचारते. ताई एक्स्पोर्ट कशात करतात? कारण तुम्ही सगळे १५ वॉटमधून जास्त वेग कसा पिळायचा यावर दोन पानं लिहिलीत, पण काम प्रोसेसरच्या कोअरकडून करून घ्यायलाच हवं का हे कुणी विचारलं नाही. ८२५०यू मधे यूएचडी ६२० ग्राफिक्स आहे, त्यात क्विक सिंक म्हणजे व्हिडिओ एन्कोड करायचं वेगळं हार्डवेअर बसवलेलं आहे. तेच काम ते कितीतरी कमी वॉटमधे करतं. कोअर मोकळे राहतात, बजेट उरतं.

शिकवणीवाली
शॉटकटमधे करते.

कॉफी_शून्य_साखर
मग एक्स्पोर्टच्या पानावर हार्डवेअर एन्कोडर वापरा अशी टिक आहे, ती करा. शेजारच्या कॉन्फिगरमधे क्विक सिंक दिसेल. तेवढ्याच फाइल साइझला क्वालिटी किंचित कमी येते पण फळ्यावरचं गणित आहे, सिनेमा नाही. अक्षरं फुटकी वाटली तर बिटरेट थोडा वाढवा.

ओहम
हे सगळ्यात आधी सुचायला हवं होतं आम्हाला. एकच पुरवणी, ग्राफिक्स त्याच चिपवर आहे त्यामुळे तेही त्याच १५ वॉटमधून खातं. एडिटमधे फिल्टर, ट्रान्झिशन जास्त असतील तर ते अजूनही कोअरच करतात.

शिकवणीवाली
केलं! पंखा उघडून साफ करून घेतला, पेस्ट बदलली (यावेळी समोर बसून), जाळीवरून बोटभर जाडीचा थर निघाला. नवा ओरिजिनल चार्जर घेतला, बायोसमधे ६५ दिसतो. आता नेहमीच्या एक्स्पोर्टला तापमान ७८-८० आणि वेग २.३. म्हणजे पॉवर तीच १५, पण वेग थोडा वाढला, हे कसं? आणि क्विक सिंकची टिक केल्यावर तर पूर्वी कुकरच्या शिट्ट्या होऊन पोळ्या लाटून व्हायच्या तरी पट्टी सरकत असायची, ते आता कणीक भिजवेपर्यंत होतंय.

ओहम
थंड सिलिकॉन कमी गळतं. तापमान वाढलं की ट्रान्झिस्टर बंद असतानासुद्धा त्यातून झिरपणारा करंट वाढतो, तोही त्या १५ वॉटमधेच मोजला जातो. ९४ वरून ८० वर आलात, झिरपणं कमी झालं, वाचलेलं वेगाला मिळालं.

एक्स_गेमर
आणि आता अंडरव्होल्ट...

खडूस_सदाशिवपेठी
बसा खाली.

वाकडची_स्नेहल
ताई, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तुझा आठव्या पिढीचा आहे त्यामुळे ११ अधिकृतपणे चालतं, नसेल केलं तर करून घे. सातव्या पिढीवाल्यांची गाडी बहुतेक तिथेच अडली, लिनक्स टाकणं हा त्यांचा मार्ग.

अकोल्याचा_पाहुणा
माह्या तिसऱ्या पिढीवर लिनक्सच आहे, मस्त चालते. एकच गोष्ट विचारायची राह्यली, आठ दिवसापासून ट्रॅकपॅडचं बटण दबत नाही अन् तो भाग थोडा वर आल्यासारखा वाटून राह्यला. उन्हानं प्लास्टिक वाकलं असंन ना?

ओहम
भाऊ, प्लास्टिक नाही. ट्रॅकपॅडच्या खाली बॅटरी असेल तर ती फुगली असण्याची शक्यता फार आहे. आत्ता चार्जर काढा, बंद करा, दाबून सपाट करायचा प्रयत्न अजिबात नको, टोचू नका. बॅटरी दुकानात काढून घ्या आणि ती कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

अकोल्याचा_पाहुणा
बंद केला. फोनवरून लिहून राह्यलो. दुकान कोणतं चांगलं आहे कर्वेनगरकडं?

एक्स_गेमर
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.